सूतभर भिंत

पेन्सिल्व्हेनियाची लांब रायफल संग्रहालयात काचेमागे ठेवलेली असते तेव्हा येणारे-जाणारे तिच्या दस्त्यावरचं कोरीवकाम बघतात, उजव्या अंगाची पितळी झाकणाची पेटी बघतात, मेपलच्या लाकडातले आडवे पट्टे बघतात. ज्याने अशी एखादी बंदूक स्वतः घडवली आहे, तो वाकून नळीच्या खालून बघतो. तिथे लाकडात एक पितळी नळकांडं बसवलेलं असतं. लाकडी गज त्यातून आत शिरतो आणि दिसेनासा होतो. पुढे फूटभर तो लाकडाच्या पोटात असतो. बंदूक किती सडपातळ होणार, बार पेटवणारी कळ कुठे बसणार, चाप कुठे येणार, हे सगळं त्या फूटभर भोकावर ठरतं.

ठासणीच्या बंदुकीला गज नसेल तर ती नुसती काठी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेली अशी बंदूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तोंडातून दारू ओतायची, गोळी किंवा छर्रे सोडायचे, गजाने ठासायचं, कानाशी रंजक घालायची, तेव्हा कुठे बार तयार. रायफलमध्ये यात एक कष्टाची पायरी वाढते. तिच्या नळीला आतून पिळाच्या खाचा असतात आणि गोळीने त्या खाचा धरल्या तरच ती स्वतःभोवती फिरत सरळ जाते. त्यासाठी चरबी लावलेल्या चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी तोंडातून घट्ट दाबून बसवतात आणि थेट बुडापर्यंत ढकलत नेतात. ती दारूवर टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर बार उडताना नळी फुगते, कधी फुटतेही.

नळी 42 ते 46 इंच लांब. गजही जवळजवळ तेवढाच हवा आणि तो सतत बरोबर हवा, कारण जंगलात दुसरा बार भरताना तो शोधत बसायला कोणाला सवड आहे? म्हणून त्याची जागा नळीच्या पोटाखाली. तोंडाकडून साधारण दोन-तृतीयांश अंतर तो उघड्या पन्हळीत, दोन-तीन नळकांड्यांच्या आधाराने राहतो. उरलेल्या एक-तृतीयांशात डावा हात लाकूड धरतो, वर नळीचं जाड बूड येतं, बाजूला कळ येते. तिथे पन्हळ उघडी ठेवता येत नाही. तिथे भोकच पाडावं लागतं.

गजाचं लाकूड हिकरीचं. ते करवतीने चिरत नाहीत, पाचर मारून फोडतात, म्हणजे रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतात. मग पोलादी पट्टीतल्या एकाहून एक लहान भोकांतून ठोकत ठोकत काढून त्याला गोल करतात. रेषा मध्येच तिरप्या बाहेर पडणारा गज ठासताना तिरपा मोडतो आणि त्याचं भाल्यासारखं टोक तळहातातून आरपार जाऊ शकतं. म्हणूनच जाणता माणूस गज नळीच्या तोंडाजवळ, वीतभर अंतरावर धरतो आणि थोडा थोडा ढकलतो. वरच्या टोकाला धरून एका दमात रेटणाऱ्याला कोणीतरी वेळेवर थांबवायला हवं.

ही रायफल घडली ती जर्मन बोलणाऱ्या स्थलांतरितांच्या हातून. अठराव्या शतकात ते पेन्सिल्व्हेनियात उतरले तेव्हा त्यांच्याकडे मध्य युरोपातली आखूड, जाड नळीची शिकारी रायफल होती. लँकेस्टर आणि आसपासच्या गावांत पुढच्या काही दशकांत तिची नळी लांबली, नळीचं भोक लहान झालं, लाकूड आटलं. 1748 मध्ये लहानपणी जर्मनीतून आलेला जेकब डिकर्ट लँकेस्टरमध्ये 1822 मध्ये मरेपर्यंत या धंद्यात होता. 14 जून 1775 रोजी काँटिनेंटल काँग्रेसने रायफलधारी सैनिकांच्या दहा तुकड्या उभारायचं ठरवलं, त्यातल्या सहा एकट्या पेन्सिल्व्हेनियातून मागवल्या. नाव मात्र पुढे केंटकीचं लागलं. पेन्सिल्व्हेनियाच्या लोकांना ते आजही फारसं रुचत नाही आणि त्यांची बाजू मला पटते.

बंदूकवाला म्हणजे सगळं स्वतः करणारा, अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात बरेचसे कारागीर नळी नळीच्या कारखान्यातून घेत, कळ बहुधा इंग्लंड किंवा जर्मनीहून आलेली असे. त्यांचं खरं काम लाकडाचं: एका फळीत नळी, कळ, चाप आणि गज एकमेकांना धक्का न लावता बसवायचे. म्हणजे हा मुळात सुतारकामातला प्रश्न आहे, म्हणून इथून पुढे सुताराच्या मापात बोलू. आपला सुतार इंचाचे आठ भाग करतो आणि एका भागाला सूत म्हणतो. गजाची जाडी तीन सूत. नळीच्या खोबणीचा तळ आणि गजाचं भोक यांच्यामध्ये जे लाकूड उरतं त्याची जाडी एक सूत. गजाच्या खाली, बाहेरच्या अंगाला, आणखी सूत-दीड सूत. बस्स. बुडाशी नळी एक इंच, म्हणजे आठ सूत. सगळं एकावर एक रचलं तर कळीजवळ लाकडासकट उंची पावणेदोन इंचांच्या आत येते. या बंदुकीचं सगळं देखणेपण त्या मापात आहे.

मधल्या भिंतीत दोन सूत लाकूड सोडलं तर काय बिघडलं? वापरात काहीच बिघडत नाही. पण भोक सूतभर खाली गेलं की खालची रेघ सूतभर खाली जाते, तिच्याबरोबर चाप आणि चापाभोवतीची कडी जाते, कळीभोवतीचं लाकूड जाड दिसतं आणि बंदुकीला पोट सुटतं. नवशिक्याची बंदूक दहा फुटांवरून ओळखू येते ती बहुधा यामुळेच. कोरीवकामाला फार तर दुसरा नंबर द्यावा.

आता नळीकडे पाहू. चांगल्या जुन्या रायफलची नळी अष्टकोनी असते, पण सरळसोट नसते. बुडाशी एक इंच, तोंडाकडे जाता जाता बारीक होत पाऊण इंच, आणि तोंडाशी पुन्हा थोडी फुगलेली. त्यामुळे हातात वजन मागे राहतं आणि नेम धरताना तोंड जड वाटत नाही. डोळ्याला हा फुगवटा फारसा कळतही नाही, गिरमिटाला मात्र बरोबर कळतो. बारीक कमरेशी नळी मध्यरेषेपासून तीन सूत खाली असते, बुडाशी चार सूत. म्हणजे कमरेशी सूतभर भिंत सोडून नळीच्या मध्यरेषेला समांतर भोक पाडत गेलं, तर बुडाशी पोचेपर्यंत ती भिंत शून्य होते आणि गिरमिट नळीला लागतं. कागदावर एकदा उभा छेद काढला की हे लख्ख दिसतं. तो न काढता कामाला बसणाऱ्यांना ते लाकडात दिसतं.

म्हणून आधी पूर्ण मापाचं चित्र काढतात आणि गजाची रेषा दोन टोकांवरून आखतात: तोंडाशी नळीखाली एक सूत, बुडाशी नळीखाली एक सूत, आणि दोन्ही बिंदू जोडणारी सरळ रेघ. कमरेपाशी भिंत दीड सुताची होते, ती होऊ द्यायची. गजाची रेघ नळीच्या तळाशी समांतरही नसते आणि मध्यरेषेशीही नसते, आणि पहिली गफलत इथेच होते. दस्त्याची बाहेरची खालची रेघ यानंतरची. काही लोक बाजारातून सुंदर नकाशा आणतात, त्याप्रमाणे फळीचा बाहेरचा आकार कापून मोकळे होतात आणि मग भोक पाडायला बसतात. भोक अर्धा सूत खाली आलं की त्यांच्याकडे खाली सरकायला लाकूडच उरत नाही. आधी भोक, मग त्याला धरून खालची रेघ, मग कडी आणि चाप, हाच क्रम शहाणपणाचा.

पन्हळ खोदणं हे वाटतं त्याहून महत्त्वाचं काम आहे. नळीची खोबण वरून कोरून झाली की खालच्या अंगाला तीन सूत रुंदीची, गजाच्या निम्म्या खोलीची पन्हळ गोल रंध्याने आणि किकऱ्याने काढतात. तिची लांबी 28-30 इंच. नंतर भोक पाडताना गिरमिटाची सळई याच पन्हळीत निजते. म्हणजे 12 इंचांच्या भोकाला 28 इंचांची चाकोरी मिळते. पन्हळीत मध्येच उंचवटा राहिला, तिचा तळ एका बाजूला कलला, तर तो दोष भोकात जसाच्या तसा उतरतो. भोक चुकलं म्हणून गिरमिटाला शिव्या देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं भोक आदल्या दिवशी पन्हळीतच चुकलेलं असतं.

गिरमिट म्हणजे चार फूट लांबीची सळई आणि तिच्या टोकाला पातं. जुन्या काळी टोक ठोकून, घासून, पाणी देऊन पातं करत आणि हाताने फिरवत. आजचे हौशी कारागीर तीन सुती पोलादी सळईला चांदीच्या झाळकामाने तयार ड्रिलचं टोक जोडतात आणि हातातल्या विजेच्या ड्रिलवर अगदी सावकाश फिरवतात. पेच सळईत नसून टोकात आहे. लोखंडासाठी केलेल्या ड्रिलचं शंकूसारखं टोक लाकडात नरम वाट शोधत जातं. मेपलमध्ये तर ते फारच जातं, कारण ज्या लाटांमुळे हे लाकूड एवढं देखणं दिसतं त्या लाटा म्हणजे नागमोडी वळलेले तंतू. पात्यापुढे क्षणात तंतूंचा आडवा पोत येतो, क्षणात उभा छेद. शिवाय दस्त्याची फळी निवडताना मनगटाच्या, म्हणजे कळीमागच्या बारीक भागाच्या, वळणाबरोबर रेषा खाली वळतील अशी निवडतात, नाहीतर बंदूक मनगटात मोडते. त्यामुळे बुडाकडे जाताना रेषा भोकाच्या रेघेला सोडून जाऊ लागतात आणि टोक रेषांबरोबर जायला बघतं. म्हणून टोक जवळजवळ सपाट हवं, मध्ये बारीक टोच, आणि दोन्ही धारा अगदी सारख्या. एक धार किंचित लांब राहिली तर ती जास्त कापते आणि टोक एका अंगाला ओढलं जातं.

दस्ता व्हाइसमध्ये पक्का धरतात. पन्हळीत सळई ठेवतात. तिच्यावर, खालून अर्धगोल खाच पाडलेले लाकडी ठोकळे ठेवून दोन-तीन क्लॅम्प आवळतात. सळई फिरायला मोकळी, पण उचलायला अजिबात जागा नाही, एवढं आवळायचं. ज्या काठावरून भोक सुरू होतं तो काठ पन्हळीला बरोबर काटकोनात कापलेला हवा. तो तिरपा असला तर पातं पहिल्याच वेढ्याला घसरतं, आणि पहिल्या अर्ध्या इंचात गेलेली दिशा पुढे सावरत नाही.

मग एक इंच आत, आणि पूर्ण बाहेर. भुसा झटकायचा, भोकही रिकामं करायचं, पुन्हा एक इंच. हे कंटाळवाणं आहे आणि यात वेळ वाचवण्याची युक्ती नाही. भुसा आत दाटला की तो पाचरीसारखा एका बाजूला दाबला जातो आणि टोक दुसऱ्या बाजूला ढकलतो. वर सळई तापते, लाकूड करपल्याचा वास येतो. फूटभर भोकात टोक सूतभर हललं तर कोन होतो 0.6 अंश. एवढा कोन हाताला जाणवत नाही, डोळ्याला दिसत नाही, आणि लांब सळई मध्येच किंचित वाकत असल्याने बाहेर उरलेला भाग सरळ दिसतो म्हणून आत सगळं ठीक असेल असंही म्हणता येत नाही.

मग कळायचं कसं? खोबणीच्या तळातून. नळी बसली की तो तळ कायमचा झाकला जाणार असतो, त्यामुळे तिथे हवं ते करायला मोकळीक असते. चार-पाच इंच गेल्यावर सळई आतच ठेवून तळाच्या मध्यरेषेवर अर्ध्या सुताचं बारीक भोक पाडतात आणि त्यात टाचणी उभी सोडतात. टाचणी सळईला टेकते. किती खोल गेली ते मोजलं की भिंतीची जाडी हातात आली. मध्यरेषेवर पाडलेल्या भोकात सळई लागलीच नाही, तर ती डावी-उजवीकडे गेली आहे. आणखी तीन-चार इंचांनी पुन्हा तेच. भिंत बारीक होताना दिसली तर थांबून पात्याच्या धारा तपासायच्या, वेग आणि दाब कमी करायचा. टोक फारच वर आलं तर काहीजण खोबणीच्या तळात छोटी खिडकीच कापतात, वरून पाचर घालून टोक खाली दाबत पुढचे इंच काढतात आणि नंतर त्या खिडकीत त्याच लाकडाचा तुकडा सरसाने बसवतात. बाहेरच्या अंगाला फुटलेलं भोक मात्र झाकत नाही. पॉलिश केलेल्या मेपलमध्ये ठिगळ बसवून बघा.

यावरून असं वाटेल की लँकेस्टरचे जुने कारागीर या सूतभर भिंतीला देवासारखं जपत असतील. पण जुन्या रायफलची नळी दुरुस्तीसाठी बाहेर काढली की खोबणीच्या तळाला गजाच्या भोकाने भिंत फोडलेली बरेचदा आढळते. कारागिराने ती तशीच सोडलेली असते, वर नळी बसवून बंदूक विकलेली असते, आणि पुढच्या दोनशे वर्षांत कोणाचं काही अडलेलं नसतं. आजचा हौशी माणूस मात्र तेवढ्यासाठी रात्रभर झोपत नाही. तोही एका अर्थी बरोबरच आहे: भिंत फुटली तरी चालते, पण भोक तिथून पुढे नळीच्या लोखंडाला अडतं आणि गज पूर्ण आत जात नाही. तोंडाशी दोन इंच बाहेर डोकावणारा गज फारच केविलवाणा दिसतो.

जुन्या लोकांकडे आणखी एक सोय होती, तिची आठवण आज कमी ठेवली जाते. त्यांचे बरेच गज दोन्ही टोकांना सारखे जाड नसत. तोंडाकडचं, ठासणारं टोक तीन सूत किंवा त्याहून जाड, आणि लाकडात शिरणारं टोक निमुळतं. त्यामुळे भोक अडीच सुताचं चालत असे आणि वर-खाली अर्धा सूत लाकूड आपोआप वाचत असे. यंत्रावर वळलेला एकसारखा गोल दांडा दुकानातून आणला की ही सवलत गेली.

या परंपरेचं पुनरुज्जीवन विसाव्या शतकातलं. कॅप्टन जॉन डिलिन यांचं केंटकी रायफलवरचं पुस्तक 1924 मध्ये आलं, ठासणीच्या रायफलवाल्यांची राष्ट्रीय संघटना 1933 मध्ये उभी राहिली, आणि व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्गच्या कार्यशाळेत वॉलेस गसलर यांनी अठराव्या शतकातल्या हत्यारांनी अख्खी रायफल, लोखंडाच्या पट्टीपासून नळी जोडून घेण्यासकट, करून दाखवली. 1969 च्या माहितीपटात ते काम आजही बघता येतं. आता दुकानांत खोबण आणि गजाचं भोक तयार असलेले दस्ते मिळतात आणि बहुतेक नवशिके तेच घेतात. घ्यायला हरकत नाही. फक्त हातात आल्याबरोबर त्यात सळई घालून, टाचणीने भिंत मोजून, तिथून पुढचं चित्र काढावं. दुसऱ्याने पाडलेलं भोकही शेवटी भोकच असतं आणि ते तुमच्या नकाशाला ओळखत नाही.

सगळ्यात अडचणीची जागा अगदी शेवटी येते. कळ उजव्या अंगाला बसते आणि डाव्या अंगाने येणारे दोन बोल्ट तिला धरतात. मागचा बोल्ट नळीच्या मागून जातो, त्याचा त्रास नाही. पुढचा मात्र नळीच्या खालून आडवा जातो, आणि गजाचं भोक तिथपर्यंत पोचलेलं असेल तर त्याला उरते ती हीच भिंत. भिंत 0.125 इंचाची. आज त्या कामाला सर्रास वापरतात त्या आठ नंबरी बोल्टची जाडी 0.164 इंच. सूतभर जागेतून सव्वा सुताहून जाड बोल्ट न्यायचा आहे. बुडाशी नळीचं लोखंड भरपूर जाड असतं, म्हणून तिच्या खालच्या पैलूवर गोल कानशीने उथळ खाच काढतात आणि बोल्टची पाठ त्यात बसवतात. तरीही बोल्ट भोकात थोडा डोकावला तर गजाच्या निमुळत्या टोकाची वरची कड घासतात, किंवा बोल्टलाच मधोमध कंबर काढतात. भोक बोल्टच्या अलीकडेच थांबवणं हाही मार्ग आहे, पण मग गज तेवढा आखूड होतो आणि बुडापर्यंत गोळी नेताना वर धरायला पकड उरत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच कारागिरांनी हा वाद मुळातूनच मिटवला. त्यांनी पुढचा बोल्ट काढून टाकला, कळीच्या पुढच्या टोकाला आतून एक छोटा आकडा ठेवला, तो लाकडातल्या खाचेत अडकवला आणि मागच्या एकाच बोल्टवर कळ आवळली.